आमची वाटचाल: भजनांच्या वह्यांपासून अॅपपर्यंत

तिवसा तालुक्यातील आमच्या गावात झेरॉक्स, टायपिंग आणि लग्नपत्रिकांच्या कामाने आमचा व्यवसाय सुरू झाला. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचा आश्रम असलेले गुरुकुंज मोझरी जवळच असल्याने खंजिरी भजनाची मंडळे गावोगाव आहेत. त्यांच्या जीर्ण वह्या टाइप करायला आमच्याकडे येत आणि त्यातूनच भजने मोबाइलवर मोठ्या अक्षरांत दाखवणारे अॅप तयार झाले.

पहिल्या आवृत्तीत वह्यांमधले सर्व काही घेतले. सर्वांच्या तोंडी असलेले गीत सर्वांचेच असते, असा आमचा समज होता. काही महिन्यांतच एका संगीत कंपनीची नोटीस आली आणि अॅप काढून घ्यावे लागले. वह्यांत चित्रपटांतील भक्तिगीतेही मिसळलेली होती. ती तपासली नाहीत, ही चूक आमचीच.

त्यानंतर अमरावतीच्या एका वकिलांकडून १९५७ चा कॉपीराइट कायदा समजून घेतला. गीताचे शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण यांचे हक्क वेगवेगळे असतात. त्यामुळे आवाज न वापरता नुसते शब्द दाखवले तरी परवानगी लागते, आणि अॅप विनामूल्य आहे किंवा खाली कवीचे नाव दिले आहे एवढ्याने ती गरज संपत नाही. शब्दांवरील हक्क कवीच्या हयातीत आणि मृत्यूच्या पुढील वर्षापासून ६० वर्षे टिकतो. तुकोबांचे अभंग अर्थातच मुक्त आहेत, मात्र आजच्या संपादकाने त्यांना जोडलेला अर्थ उचलता येत नाही. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे निर्वाण ११ ऑक्टोबर १९६८ रोजी झाले, म्हणून त्यांच्या हयातीत प्रकाशित झालेल्या रचनांवरील हक्क २०२८ च्या अखेरपर्यंत चालतो. ज्यांची भजने ऐकत आम्ही लहानाचे मोठे झालो, त्यांचेच शब्द अॅपमधून काढताना मन जड झाले. मंडळातील ज्येष्ठांना हे समजावणे त्याहून कठीण गेले.

निम्म्याहून अधिक रचना गेल्या. आता प्रत्येक रचनेसमोर कवी, मृत्यूचे वर्ष आणि परवानगीचा कागद यांची नोंद असते. मंडळाचा होकार आम्ही पुरेसा मानत नाही, कारण गाणारे मंडळ असले तरी लिहिणारा वेगळा असतो. परिसरातील कवींशी लेखी करार करताना मुदत आणि प्रदेश स्पष्ट लिहितो. हक्क सोपवताना ते नमूद केले नाहीत, तर कायदा मुदत ५ वर्षे आणि प्रदेश भारतापुरता धरतो, आणि गावची मुले तर परदेशातूनही हे अॅप उघडतात.

तुकडोजी महाराजांच्या भजनांसाठी लेखी परवानगीचा अर्ज केला आहे. होकार आला नाही, तर ती पाने १ जानेवारी २०२९ पर्यंत कोरी राहतील.