शेततळं, १६ अंश आणि शर्टाची बटणं

गेल्या वेळी ठणकावून लिहिलं होतं, दुखावलेली नडगी बरी झाली की गार पाण्यातलं पोहणं बंद आणि पुन्हा नाशिकच्या गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर पळणं. नडगी बरी झाली. पोहणं सुटेना.

रविवारी निफाडला, मामांच्या मळ्यात. हवा ८ अंश, द्राक्षबागेत शेकोट्यांचा धूर. विहिरीत पोहायचा नाद सोडलाय. थंडीत तिच्यातून वाफा निघतात, थर्मामीटर सोडला तर २४! शेततळं मात्र रात्रभर उघड्यावर निवतं. १६ भरलं.

पहिल्या मिनिटाचा धसका आटोक्यात आलाय. ही सहावी खेप. श्वास आपोआप ओढला जातोच, पण दोर धरून नुसतं फुंकत राहायचं. चाळीस आकडे मोजेपर्यंत तो जागेवर आला. पहिल्या खेपेला दीडशे मोजले होते!

पोहताना जवळ तरंगत ठेवायला ऑनलाइन मागवलेला केशरी फुगा व्हॉल्व्हपाशी सुटला. पंक्चरवाल्याकडची जुनी ट्यूब त्याहून भरवशाची.

घोळ झाला तो बाहेर आल्यावर. ७ मिनिटं पोहलो, दोराच्या गाठी धरून तळ्याच्या प्लास्टिकच्या कागदावरून वर चढलो (तो कागद शेवाळलेला असतो, दोर आणि काठावर माणूस नसेल तर उतरूच नका). एकदम झकास वाटत होतं, म्हणून ओल्या चड्डीवरच गप्पा मारत उभा राहिलो. दहा मिनिटांनी अशी हुडहुडी भरली की शर्टाचं पहिलं बटणसुद्धा लागेना. कपातला चहा बशीत, बशीतला मांडीवर. मामा म्हणाले, "पाण्यात वाघ अन् काठावर शेळी झाली रे तुझी!" बटणं शेवटी मामींनी लावली. वय वर्षं ४१.

बाहेर आल्यावरही आतलं तापमान काही वेळ उतरतच राहतं, हे वाचलं होतं. अंगानं कळलं आत्ता. माझा बेत होता, पोहून लगेच २ किलोमीटर पळायचं, दोन्ही छंद एका फेरीत. पण हे लिहितानाच लक्षात येतंय, तसं केलं तर हातापायांतलं गार रक्त आणखी वेगानं आत येणार. बेत रद्द. आधी अंग कोरडं, मग कानटोपी, स्वेटर, चहा.

पळणं मंगळवार-गुरुवार चालूच. ज्या नाशिक जिल्ह्याच्या धावपटू कविता राऊतनं २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत १० हजार मीटरचं कांस्य मिळवलं, तिथं पळणं सोडलं म्हणायला जीभ रेटत नाही.

बटणांचा शर्ट बाद. मामी त्यांचा जुना चेनवाला गाऊन द्यायला तयार आहेत. मामांची एकच अट, फोटो काढू द्यायचा.