कच्चं बिल
आज आईसोबत इतवारीच्या सराफ्यात गेले होते, भाचीच्या लग्नासाठी कानातले घ्यायला. दुकानदार हळूच म्हणाला, "काकू, कच्च्या बिलावर घ्या नं, 3 टक्के जीएसटी वाचते." आई लगेच खूश! मी पक्कं बिल मागितलं आणि भिंगातून सहा अक्षरी एचयूआयडी (दागिन्यावर कोरलेला हॉलमार्कचा ओळख क्रमांक) शोधत बसले. आई वैतागली.

डोक्यात नायजेरियातलं झाम्फारा होतं. तिथे बेकायदा खाणींतला दगड लोक घराच्या आवारातच फोडायचे, दळायचे. सोन्यासोबत त्यात शिसंही होतं. 2010 मध्ये ते उघडकीस आलं, आणि शिशाच्या विषबाधेने 400 हून जास्त पोरं गेली, बहुतेक पाच वर्षांखालची. त्या धुळीत खेळायची, तेच हात तोंडात घालायची. बस, एवढंच.

मुशीत एकदा वितळलं की कोणाच्या अंगणातलं सोनं, कोण ओळखणार? हॉलमार्कवर शुद्धता कळते, गाव कळत नाही. (पक्क्या बिलावरही कळत नाही म्हणा.)

ऑटोत आईने डबी तीनदा उघडून पाहिली. मी सांगितलेलं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "पोरीला नको सांगू हे. लग्न होऊन जाऊ दे."