घमेल्यातलं कासव

जानेवारीत सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेत नंदीध्वज 68 लिंगांच्या तैलाभिषेकाला निघतात, त्या दिवशी सकाळी साडेनऊला तिरुपतीहून फोन आला. "आमचं कासव गेलं, असं शेजारच्या काकू म्हणतात. सिद्धेश्वर तळ्यात सोडून येते म्हणाल्या. तुम्ही एकदा बघता का?"

माझं ॲक्वेरियमचं दुकान आहे आणि गावाला गेलेल्यांच्या टाक्या, कासवं घरी जाऊन सांभाळतो. ही टाकी मात्र माझ्याकडे दिलेली नव्हती. फोनवर एवढंच सांगितलं : "पाण्यात परत ठेवू नका, उन्हात नको, गरम पाणी तर अजिबात नको. टॉवेलात गुंडाळून तसंच राहू द्या." थंडीने गारठलेलं कासव खोल पाण्यात टाकलं तर नाक वर काढायचीही ताकद त्याच्यात नसते. पाण्यातला प्राणी पाण्यातच बुडून मरतो.

मिरवणुकीमुळे रस्ते बंद, जुळे सोलापुरात पोचायला पाऊण तास लागला. काकू दारातच घमेलं घेऊन उभ्या होत्या. आत सोलापुरी टॉवेलात गुंडाळलेलं रेड इअर्ड स्लायडर, म्हणजे घरोघरी पाळतात ते पाण्यातलं परदेशी कासव. मादी, पाठीची लांबी 18 सेंटीमीटर. मान बाहेर लोंबलेली, डोळे मिटलेले.

"रात्रीपासून हललं नाही बाबा," काकू म्हणाल्या. "मी दोनदा हाका मारल्या की."

सरपटणारा प्राणी थंड असताना मेला, असं कधी म्हणू नये. अंग ऊबदार करून मग ठरवायचं. मी बोटाने पापणीच्या कडेला अलगद स्पर्श केला. काही नाही. मागचा पाय धरून हळू ओढला आणि सोडला, तेव्हा तो आत गेला. इतका सावकाश की काकूंना दिसलाही नाही. तीन सेकंद तरी लागले असतील.

आता टाकी. चार फूट बाय दीड फूट बाय दीड फूट, एक फूट पाणी म्हणजे साधारण 170 लिटर. थर्मामीटर 18 अंश दाखवत होता. स्लायडरला पाणी 24 ते 27 आणि दिव्याखालची जागा 30 ते 32 लागते. दिवा बंद, फिल्टर बंद, आणि 200 वॅटच्या हीटरची काच उभी तडकलेली. पाण्यात हात घालण्याआधी मी बोर्डावरचा प्लग उपसला.

काय झालं ते काकूंकडून तुकड्यातुकड्यांनी कळलं. मालकांनी जाताना सांगितलं होतं, "थोडं खायला घाला." थोडं म्हणजे किती, ते सांगायचं राहिलं. काकूंनी रोज दोन वेळा मूठभर गोळ्या टाकल्या, वर भाकरीचा तुकडा आणि शेंगदाणे. तिसऱ्या दिवशी पाण्याला वास यायला लागला. आपल्याकडे नळ चार-पाच दिवसांनी येतो, त्या संध्याकाळी आला. म्हणून त्यांनी आधी टाकीतलं अर्धं पाणी बादलीने उपसलं आणि मग गच्चीवरच्या टाकीचं गार पाणी ओतलं. मधला अर्धा तास हीटर चालूच होता.

हीटर टाकीत उभा चिकटवलेला होता. पाणी निम्म्यावर आल्यावर त्याचा वरचा भाग उघडा पडला. खालचं पाणी गार, म्हणून थर्मोस्टॅट बंद व्हायचं नाव घेईना, आणि उघडी काच तापत राहिली. तिच्यावर गार पाणी पडलं की तडकणारच. पाण्यात करंट उतरला आणि घराचं ईएलसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारं बटण, पडलं. 30 मिलीअँपियरच्या गळतीला पडणारं ते बटण नसतं, तर बादली धरलेल्या काकूंचं काय झालं असतं, ते मी त्यांना तेव्हा बोललो नाही. त्यांनी दोनदा बटण वर केलं, टिकेना, "लाईट गेली असेल" म्हणून झोपायला गेल्या. हीटर, दिवा, फिल्टर सगळं एकाच एक्स्टेन्शनवर. रात्रभर सगळंच बंद राहिलं.

पसरट टबमध्ये 20 अंशाचं पाणी घेतलं. उंची एवढीच, की मान खाली पडली तरी नाकपुड्या बाहेर राहाव्यात. तासाला दोन अंश, त्याहून घाई नाही. गारठलेल्या जनावराला चटका बसतो तेही धड कळत नाही, आणि हृदय मंद असताना वरचं अंग एकदम तापवण्यात काही शहाणपण नाही. काकूंनी चहाचं पातेलं गॅसवर चढवलं होतं, त्यातलं एक पेलाभर कढत पाणी टबाच्या दुसऱ्या टोकाला, हाताने ढवळत, थर्मामीटर बघत. साडेअकराला डोळा किलकिला झाला. साडेबाराला मान उचलली. 26 अंशांवर आणल्यावर तिने टबाच्या कडेला नखं घासायला सुरुवात केली.

"अगंबाई, हे तर जिवंत आहे," काकू म्हणाल्या आणि लगेच, "भूक लागली असेल."

नाही. गार अंगात पचन जवळपास थांबलेलं असतं, पोटात जे आहे तेच सडायला नको. पूर्ण ऊब मिळून एक दिवस गेल्याशिवाय दाणा नाही. खोल पाण्यात सोडताना मी फक्त एक गोष्ट बघत होतो : सरळ तरंगते का. एका बाजूला कलून तरंगणं, नाकातून बुडबुडे, तोंड उघडून श्वास, यातलं काही दिसलं तर न्यूमोनियाचा संशय धरून त्याच दिवशी प्राण्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं. ती सरळ तरंगली. तरी दोन-तीन दिवस हे बघत राहावं लागतं, छाती भरायला वेळ लागतो.

मग फिल्टर. रात्रभर बंद राहिलेला फिल्टर तसाच चालू करायचा नसतो. आतलं पाणी कुजलेलं असतं, ते टाकीत येतं. ते फेकून स्पंज टाकीच्या पाण्यात पिळून घेतला. नळाखाली नाही, क्लोरीनने त्यातले कामाचे जिवाणू मरतात. नवा हीटर आडवा, तळापासून दोन इंचांवर, प्लॅस्टिकच्या जाळीत बसवला. जाळी नसली तर हे कासव धडका देऊन काच फोडतं. हीटरला वेगळा प्लग, दिवा आणि यूव्हीबी ट्यूब (उन्हातले अतिनील किरण देणारी) टायमरवर, बारा तास. ट्यूब आणि कासवाच्या मध्ये काचेचं झाकण होतं ते काढलं. काचेतून यूव्हीबी येत नाही, म्हणजे इतके दिवस ती ट्यूब नुसता उजेड देत होती.

तळ्याचं काकूंना समजावायला वेळ लागला. त्यांच्या दृष्टीने ते पुण्याचं काम. पण हे अमेरिकेतलं, मिसिसिपीच्या खोऱ्यातलं कासव. जगातल्या शंभर सर्वांत उपद्रवी परक्या प्रजातींच्या यादीत त्याचं नाव आहे. आपल्या तळ्यात सुटलं तर इथल्या कासवांची ऊन खायची जागा आणि खाणं पळवतं. उलट बाजूही सांगतो, कारण दुकानात महिन्यातून एकदा तरी कुणी विचारतं : पाठीवर चांदण्या असलेलं कासव सांभाळाल का? नाही. 1972 च्या वन्यजीव कायद्यात ते पहिल्या अनुसूचीत आहे, घरी ठेवणंच गुन्हा. इग्वाना किंवा बॉल पायथन असेल, तर केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवरच्या नोंदणीचा कागद बघितल्याशिवाय मी हात लावत नाही.

मालकांना फोनवर थोडं रागानेच बोललो. एवढ्या मोठ्या कासवाला आठ दिवस काही नाही घातलं तरी चालतं, रोज खायला लागतं ते पिल्लाला. गावाला जाताना डबा कुलपात ठेवायचा आणि तारीख घातलेल्या पुड्या द्यायच्या, दिवसाआड एक, पुडीत कासवाच्या डोक्याएवढा ढीग. सांभाळणाऱ्याला निघायच्या दोन दिवस आधी बोलावून सगळं त्याच्याच हातून करून घ्यायचं, आपण नुसतं बघायचं. चूक तेव्हाच दिसते. मे महिन्यात जाणार असाल तर उलटी काळजी : हीटर काढून ठेवा, आणि पाणी 30 च्या वर जायला लागलं तर बर्फाची बंद बाटली तरंगत सोडायला सांगा.

निघताना काचेवर लाल चिकटपट्टी लावली. "पाणी ह्याच्या खाली गेलं, की आधी प्लग, मग बादली."

"आधी प्लग, मग बादली," काकू म्हणाल्या. "आणि साबणाने हात, ते सांगितलंस मघाशी." मग त्यांनी मी बांधून ठेवलेल्या खाण्याच्या पुड्या मोजल्या. "दोनच?"

"दोनच."

"आणि भाकरी?"

"तुम्ही खा, काकू."

दिव्याखालच्या फळीवर ती मागचे पाय लांब सोडून पडली होती.