ईईजी कोहेरन्स अपडेट: सगळीकडे दिसणाऱ्या अल्फाचा छडा लागला!

मी आठ चॅनलच्या बोर्डवर ईईजी (डोक्यावरच्या इलेक्ट्रोडनी टिपलेले मेंदूचे विद्युत सिग्नल) घेऊन कोहेरन्स काढतोय, म्हणजे दोन जागांचे सिग्नल एखाद्या फ्रिक्वेन्सीला किती जुळून चालतात ते. मागच्या अपडेटमध्ये टाकलेला ग्राफ आठवतोय ना, डोळे मिटले की एफ३–ओ२ (पुढची डावी–मागची उजवी) सारख्या लांबच्या जोडीतही अल्फाचा (८–१३ हर्ट्झच्या लाटेचा) कोहेरन्स एवढा वर जातो तो? त्याचं कारण सापडलं, निदान मोठा हिस्सा तरी.

कानाची पाळी! रेफरन्स (ज्याच्या तुलनेत बाकी सगळे इलेक्ट्रोड मोजले जातात तो) म्हणून ती शांत असते असं सगळे धरून चालतात, पण टेम्पोरल (कानशिलाच्या) भागातली अल्फा तिथपर्यंत पोचते आणि रेफरन्स वजा होताना तीच लाट आठही चॅनलमध्ये शिरते. ८–१३ हर्ट्झ फिल्टर लावून एफ३ आणि एफ४ (पुढची डावी-उजवी जोडी) एकावर एक ठेवले तर शिखरं अगदी एकाच सॅम्पलवर, आणि तोच डेटा बायपोलर केला, म्हणजे शेजारच्या दोन इलेक्ट्रोडमधला फरक घेतला, की पुढची अल्फा जवळपास गायब.

मग कोहेरन्सीचा (कोहेरन्सचं फेजसकटचं, कॉम्प्लेक्स संख्येतलं रूप) फक्त इमॅजिनरी भाग काढला, जो दोन सिग्नलमध्ये वेळेचा फरक असेल तरच उरतो, नोल्टे वगैरेंची २००४ ची पद्धत. कवटीतून पसरलेला किंवा रेफरन्समधून मिसळलेला सिग्नल दोन्हीकडे एकाच वेळी पोचतो, त्यामुळे नुसत्या मिसळीने तयार झालेला कोहेरन्स इथे बाद होतो. एफ३–एफ४ सपाट झालं, पण एफ३–पी३ (डावीकडची पुढची–मागची जोडी) मध्ये डोळे मिटलेले असताना १० हर्ट्झच्या आसपास उंचवटा उरलाच, आणि मनात सात-सात वजा करायला लागलं की तो खाली बसतो. हे स्क्रीनवर बघून काय भारी वाटलं सांगू! अर्थात दोन जागा खरोखरच शून्य उशिराने जुळल्या असतील तर त्याही या पद्धतीत दिसत नाहीत, तेव्हा सपाट म्हणजे संबंधच नाही असं म्हणता येणार नाही.

पेंग येत असतानाचा डेटा अजून त्रास देतोय. अल्फा तुटते, मध्येच जाग येते, मोजके तुकडे हाती लागतात, आणि साध्या मॅग्निट्यूड-स्क्वेअर्ड कोहेरन्सला (कोहेरन्सीच्या आकाराचा वर्ग) सेगमेंट कमी असले की आपोआप फुगवटा येतो, संबंध नसला तरी साधारण १/एन (एन म्हणजे सेगमेंटची संख्या), म्हणजे १० सेगमेंटला ०.१ आणि ५० ला ०.०२. म्हणून प्रत्येक अवस्थेचे सेगमेंट सारखे केल्याशिवाय तुलना करूच नका.

ड्राय इलेक्ट्रोड मी कायमचे बाजूला ठेवलेत, केसांतून जरा हलले की डेल्टा-थीटाची (८ हर्ट्झखालच्या संथ लाटांची) वाट लागते. गोल्ड कप आणि पेस्ट, चिकट काम आहे पण दुसरा इलाज नाही.

पुढे खरं तर डब्ल्यूपीएलआय (वेटेड फेज लॅग इंडेक्स, इमॅजिनरी भागावरच आधारलेलं दुसरं माप) करणार होतो, पण हे लिहिता लिहिता सुचलं की रेफरन्सच सीझेडवर (डोक्याच्या मधोमध, टाळूवर) ठेवला तर? सी३ भोवती एफ३, पी३, टी७ आणि सी४ भोवती एफ४, पी४, टी८, बरोब्बर आठ चॅनल, चौथा शेजारी दोघांचाही सीझेड आणि तो रेफरन्स असल्यामुळे शून्यच. म्हणजे आठ चॅनलच्या बोर्डवर दोन्ही बाजूंचा योर्थ लाप्लासियन (मधल्या इलेक्ट्रोडमधून चार शेजाऱ्यांची सरासरी वजा) निघतो! फक्त सीझेड पाव वजनाने दोन्हीकडे येतो, तेवढा खोटा कोहेरन्स उरणार, तो किती ते आधी सिम्युलेशनमध्ये बघतो आणि मगच डोक्याला पेस्ट लावतो.