बंडूचे शिंपले

आज आंजर्ल्याहून मुर्डीवरून आड्यापर्यंत समुद्राच्या कडेने चालत गेलो, आणि आता अंथरुणाला पाठ टेकल्यावर डोळ्यांपुढे समुद्र न येता पुळणीवर उकिडवा बसलेला बंडूच येतो आहे. ज्याने जन्मात कधी शिंपल्याकडे वळून पाहिले नाही, तो आज जरा पुढे गेला की वाकून शिंपले निरखीत होता आणि मी जवळ पोहोचले की "ताई, हा बघ" म्हणून एखादा माझ्या तळहातावर ठेवीत होता. तो माझ्यासाठी थांबत होता; फक्त तसे म्हणायचे नव्हते.

उधाणाच्या दिवसांत ऐन दुपारी भरती असते, म्हणून त्याने मुद्दाम अष्टमी धरली होती. तिथीच्या पाऊणपट हिशेबाने (आठाचे पाऊणपट सहा) भरती सहाला, म्हणजे बाराच्या सुमारास ओहोटी. भांगाचे, म्हणजे अष्टमीच्या सुमाराच्या लहान भरती-ओहोटीचे, पाणी फार मागे हटत नाही खरे, पण चालण्यापुरती घट्ट, ओली वाळू मिळते. सुरूंच्या बाजूला सरकले की पाय रुततात. एवढा विचार माझ्या पायांसाठी कोणी कधी केला नव्हता आणि नेमके तेच मला लागले. जोग नदीवर पूल नव्हता तेव्हा तरीत चढताना याचा हात मी धरीत असे. मे महिन्यापासून घरात सगळेच माझ्याशी हलक्या आवाजात बोलतात, त्याविषयी आज लिहायचे नाही. तो हलका आवाज एक वेळ परवडला, हे शिंपले सोसवत नाहीत.

मुर्डीला रँग्लर परांजप्यांचे गाव म्हणून आणखी एक थांबा झाला. १८९९ साली केंब्रिजला सीनियर रँग्लर, म्हणजे गणिताच्या परीक्षेत पहिले, झालेले ते पहिले भारतीय, हे मला शाळेपासून पाठ आहे आणि ते बंडूलाही ठाऊक आहे. तरी त्याने सगळे सावकाश सांगितले आणि मीही नव्यानेच कळल्यासारखे ऐकले, कारण तेवढ्यात माझा श्वास जागेवर आला. सोय म्हणून पाहिले तर वाईट नव्हती. त्यानंतर मीच प्रत्येक शिंपल्याचे नाव विचारू लागले. तिसऱ्या आणि खुबे यांपलीकडे त्याची मजल जाईना.

आड्याला भार्गवरामाच्या देवळाशी पायरीवर आधी तोच बसला, आणि बसताना त्याच्या गुडघ्यांनी केलेली कुरकुर मला स्पष्ट ऐकू आली. मी देवळाभोवतीची झाडे बघण्यात फारच गुंग झाले.

पुढच्या खेपेस केळशीपर्यंत जाऊ म्हणतो आहे. जाईन, मात्र नावे पाठ करून ये, असे त्याला बजावून ठेवले आहे.