अक्षावरचा तो बारीक आकडा

परवाचा किस्सा डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहितोय. काम नेहमीचंच, चार सॅम्पलचा लीकेज करंट (नको तिथून झिरपणारा विद्युतप्रवाह) मोजलेला, त्याचे चार ग्राफ शेजारी शेजारी लावून द्यायचे. मॅटप्लॉटलिबमध्ये, म्हणजे पायथनच्या ग्राफ काढायच्या लायब्ररीत, पाच मिनिटांत काढले आणि पाठवले.

मीटिंगमध्ये सिनियर म्हणाले, चौथं सॅम्पल पण बाकीच्यांइतकंच लीक करतंय, काही फरक नाही, टाकून द्या. मला कळेना, कारण मोजताना मीच बसलो होतो आणि चौथ्याचा करंट जवळजवळ दहापट कमी आला होता. स्क्रीनवर बघितलं तर खरंच चारही रेघा सारख्याच उंचीवर, चारही अक्षांवर ०.० ते २.५.

झालं असं की अक्षावरच्या आकड्यातला १० चा घात उणे ५ किंवा त्याहून खाली गेला की मॅटप्लॉटलिब आपणहून घात बाजूला काढतं आणि अक्षाच्या डोक्यावर बारीक अक्षरात एकदाच छापतं. तीन ग्राफवर १ई-७ (म्हणजे १० चा उणे ७ वा घात) होतं, चौथ्यावर १ई-८. प्रत्येक ग्राफ आपापला घात ठरवतो, शेजारच्याचं बघत नाही! त्यात स्लाइड बनवणाऱ्याने ग्राफ नीट दिसावेत म्हणून वरची पट्टी क्रॉप केली, म्हणजे उरलीसुरली खूणही गेली. क्रॉप करणाऱ्याला मी दोष देत नाही, ज्याच्यावर सगळा अर्थ अवलंबून आहे ते इतक्या कोपऱ्यात ठेवायचंच कशाला.

मग घात लेबलमध्येच घालू म्हणून मी 'करंट × १०^७ (अँपियर)' असं लिहिलं. माझ्या मते अर्थ स्पष्ट होता, करंटला १०^७ ने गुणून हे आकडे आलेत. पण शेजारच्या टेबलावरचीने वाचलं की दिसतोय त्या आकड्याला १०^७ ने गुणायचं, म्हणजे दोन कोटी अँपियर! दोन शिकलेली माणसं एकाच लेबलचे उलटे अर्थ काढतात म्हणजे लेबलच चुकीचं, आणि ही पद्धत छापील शोधनिबंधांत अजून सर्रास चालते याचा मला खरंच राग येतो.

मॅटप्लॉटलिबच्या टिकलेबल फॉरमॅटमध्ये (अक्षावरचे आकडे कसे छापायचे ते ठरवणारं फंक्शन) सायलिमिट्सला, म्हणजे घाताच्या मर्यादांना, दोन्हीकडे -७ दिलं की घात सगळीकडे तोच राहतो, तेही करून बघितलं. पण शेवटी आकडे सरळ नॅनोअँपियरमध्ये (अँपियरचा अब्जावा भाग) घेतले, वाय अक्ष चौघांना एकच ठेवला. २१०, २४०, १९० आणि चौथं २३. घात नाही, गुणाकार नाही, क्रॉप करा नाहीतर काही करा. चौथी रेघ तळाशी दिसली आणि सिनियर बराच वेळ काही बोललेच नाहीत.

चौथं सॅम्पल वाचलं. पण मागच्या रिपोर्टचे ग्राफही मी याच स्क्रिप्टने काढले होते आणि तेव्हा दोन सॅम्पल 'फरक नाही' म्हणून टाकून दिलीत. त्यांचा कच्चा डेटा शोधतोय, एक फाइल सापडलीये, दुसरी अजून नाही.