सव्वाचार सेकंद

एकाच घटनेचे दोन कागद माझ्या टेबलावर होते. एक तक्रार, एक खुलासा. तक्रार सायकलवरून कामाला जाणाऱ्या एका बाईंची होती. बसने कट मारला, हँडल पत्र्याला घासता घासता राहिलं आणि पुढच्या सिग्नलला चालक खिडकीतून वाट्टेल ते बोलला. खुलासा चालकाचा. सायकल रस्त्याच्या मधून चालली होती, हॉर्न देऊनही बाजूला झाली नाही आणि वर बसच्या पत्र्यावर हाताने जोरात मारलं. रस्ता तोच, वेळ तीच, गुन्हेगार मात्र प्रत्येकाचा वेगळा.

मी 14 वर्षं बस चालवली, आता बसचालकांना शिकवतो. असे कागद नेहमीच येतात. चालकाला समज द्यायची, तक्रारदाराला दिलगिरीचं पत्र धाडायचं, फाइल बंद. या वेळी हात धजेना, कारण चालक माझ्या चांगल्या ओळखीचा होता. 22 वर्षांत एकही अपघात नाही. म्हातारं माणूस सीटवर टेकल्याशिवाय गाडी न हलवणारा. असा माणूस भर सिग्नलला एका अनोळखी बाईवर तोंड टाकतो, म्हणजे आत काहीतरी साचलेलं असणार. मी दोघांनाही सरावाच्या मैदानावर बोलावलं. बाई येतील असं वाटलं नव्हतं. त्या आल्या, सायकलवरूनच.

पहिली वीस मिनिटं फार वाईट गेली. "सायकलवाले सिग्नल पाळत नाहीत, उलट्या बाजूने येतात, कानात गाणी घालून चालवतात," चालक म्हणाले. "बसवाल्यांना रस्ता स्वतःच्या मालकीचा वाटतो," त्या म्हणाल्या. ऐकताना लक्षात आलं, की ही दोघं एकमेकांशी बोलतच नव्हती. मागच्या आठवड्यात कुणीतरी सिग्नल तोडून आडवा आला होता, त्याचा राग हे इथे काढत होते. कधीतरी एका मोटारीने त्यांना फुटपाथवर चढायला लावलं होतं, त्याचा हिशेब त्या यांच्याकडे मागत होत्या. नियम दोन्हीकडचे लोक मोडतात, ते मी नाकारणार नाही. पण बस रिकामी असली तरी 10 टनांच्या आसपास भरते आणि सायकल माणसासकट शंभर किलोही भरत नाही. चूक सारखी असली तरी तिची किंमत कोण मोजतो, हे आधीच ठरलेलं असतं. हे मी दोघांसमोर बोललो. चालकाला आवडलं नाही.

मग मी खडू घेतला. जमिनीवर सव्वातीन मीटर रुंदीची एक लेन आखली आणि बस त्यात आणून उभी केली. बसची रुंदी अडीच मीटर, आरसे वेगळे. उरलेल्या पाऊण मीटरमध्ये सायकल उभी करायला सांगितली. हँडलच साठ सेंटिमीटरचं. जर्मनीत 2020पासून शहरात सायकलला ओलांडताना दीड मीटर अंतर सोडावं लागतं, शहराबाहेर दोन मीटर. ब्रिटनच्या हायवे कोडमध्येही 2022पासून ताशी 30 मैलांपर्यंतच्या वेगाला किमान दीड मीटर लिहिलेलं आहे. आम्ही शिकवतानाही दीड मीटरच धरतो. तेवढं अंतर खडूने दाखवलं, तर बसची निम्म्याहून जास्त रुंदी शेजारच्या लेनमध्ये गेली.

चालक बराच वेळ त्या रेघांकडे बघत राहिले. "म्हणजे या कडेला असत्या तरी मला लेन सोडावीच लागली असती."

"हो. आणि शेजारची लेन मोकळी नसेल तर मागे थांबावं लागलं असतं."

वाद 'मधून का चालवता' यावरून पेटला होता. दीड मीटर सोडायचं म्हटलं की सायकल कडेला असो की मधे, बसला शेजारची लेन लागतेच. कडेला असली तर फक्त घुसायचा मोह होतो. बाई म्हणाल्या, "म्हणूनच मी मधे येते. कडेला राहिलं की लोक त्याच लेनमधून दामटतात. उभ्या गाडीचं दार उघडलं तर मला जायला जागा नसते."

त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली, जी मला इतकी वर्षं माहीत नव्हती. मैदानात पाणी साचलं होतं, त्यातून त्यांनी सायकल नेली आणि पुढे डावीकडे वळवली. ओल्या चाकाची रेघ बघायला सांगितली. डावीकडे वळण्याआधी ती रेघ किंचित उजवीकडे गेली होती. तोल डावीकडे झुकावा म्हणून चाक क्षणभर उलट्या बाजूला न्यावंच लागतं, प्रत्येक सायकलस्वार हे नकळत करतो. "आता उजवीकडे तुमची बस आहे असं समजा," त्या म्हणाल्या. "तुम्ही हॉर्न देता, मी डावीकडे सरकायला बघते. पण सरकण्यासाठी आधी तुमच्याकडे यावं लागतं." हॉर्न दिला की सायकल बाजूला होते, असं मी स्वतः शेकडो जणांना सांगितलेलं आहे. ती रेघ वाळेपर्यंत मी तिथेच उभा होतो.

यानंतर चालकांना सायकलवर बसवलं. सायकल स्टँडवर घट्ट बसवलेली, चाक जागेवरच फिरतं. माझ्या सहकाऱ्याने बस आधी दीड मीटर अंतरावरून नेली, वेग ताशी 30 किलोमीटर. चालक हसले, "यात काय आहे?" दुसऱ्यांदा अंतर पाऊण मीटर, वेग तोच. या वेळी त्यांची मान खांद्यात गेली, पाय थांबले. खाली उतरून त्यांनी शर्ट नीट केला आणि म्हणाले, "आवाज आधी येतो. गाडी दिसत नाही, नुसता आवाज येतो." मग वारा. बस पुढे गेल्यावर तिच्यामागची हवा आत ओढते, ते त्यांना स्टँडवरही जाणवलं.

ब्रिटनमधल्या बाथ विद्यापीठात तेव्हा असलेले संशोधक इयन वॉकर यांनी सायकलला सेन्सर लावून दोन हजारांहून जास्त वाहनं किती अंतरावरून जातात ते मोजलं होतं. ते निष्कर्ष 2006-07च्या सुमारास आले. त्यांत बस सरासरी मोटारीपेक्षा सुमारे 23 सेंटिमीटर जवळून गेल्या होत्या. याचं कारण मला माझ्या केबिनमधल्या वर्षांतून कळतं. बसचा पुढचा भाग सायकलच्या पुढे गेला, की चालकाच्या मनातून सायकल मागे पडलेली असते. तो स्टेअरिंग पुन्हा डावीकडे, आपल्या लेनकडे ओढतो. पण बस 12 मीटर लांब. बसचा वेग 25 आणि सायकलचा 15 असेल, तर फरक ताशी 10 किलोमीटरचा, म्हणजे सेकंदाला 2.8 मीटर. पूर्ण बस बाजूने जायला सव्वाचार सेकंद लागतात. चालकासाठी ओव्हरटेक दीड-दोन सेकंदांत संपतो. सायकलवरच्या माणसासाठी ती पत्र्याची भिंत अजून सरकत असते आणि हळूहळू अंगावर येत असते. त्या दिवशी हेच झालं होतं. बाईंनी थाप मारली ती मधल्या खिडकीच्या खाली.

मग बाईंना केबिनमध्ये बसवलं. बसभोवती पाच सायकली उभ्या केल्या आणि विचारलं, किती दिसतात? त्यांनी आरसे पाहिले, मान लांब केली, पुन्हा पाहिलं. "दोन." एक मागच्या दाराशी पत्र्याला चिकटून होती, एक बरोबर मागे आणि एक काचेच्या कडेच्या खांबाआड. खांबाआडची त्यांना खरी वाटेना. खाली उतरून स्वतः पाहून आल्या. माणूस आणि सायकल मिळून त्या खांबामागे पूर्ण लपतात आणि दोघांचे वेग जुळले तर लपलेलेच राहतात.

त्या पुन्हा सीटवर बसल्या. मी सहकाऱ्याला आधीच सांगून ठेवलं होतं. त्याने बाहेरून पत्र्यावर तळहाताने एक थाप मारली, त्यांनी मारली होती साधारण तेवढ्याच जोराने.

रिकाम्या बसमध्ये तो आवाज फार मोठा होतो. बाई सीटवरून उडाल्या.

चालक दाराच्या पायरीवर उभे होते. ते बोलायला लागले तेव्हा आवाज सकाळचा नव्हता. "ताई, हा आवाज आला ना, की पहिल्यांदा एकच मनात येतं, कुणीतरी चाकाखाली गेलं. माझे हात गार पडले होते. आरशात बघतोय, कोण दिसत नाही. मग तुम्ही दिसलात, धडधाकट, हात वर करून काहीतरी म्हणताय. तेव्हा इतका राग आला, की मला माझंच कळेना."

त्या काही क्षण बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "काका, मला हॉर्न नाहीये. घंटी तुम्हाला ऐकू येत नाही. तुमची गाडी माझ्यावर येत होती आणि मी इथे आहे हे सांगायला माझ्याकडे हातच होता."

इतक्या वर्षांत असली भांडणं मी भरपूर सोडवली, पण त्या क्षणापर्यंत मला हे दिसलं नव्हतं. एका थापेत दोघांचीही भीती होती. एकाला आपण माणूस मारला असं वाटलं, दुसरीला आपण मरतोय असं. पुढच्या सिग्नलपर्यंत त्याचा फक्त राग झाला आणि कागदावर येईपर्यंत भीतीचा मागमूसही राहिला नाही.

गळाभेट वगैरे काही झालं नाही. बाईंनी तक्रार मागे घेतली नाही, मीही तसं सुचवलं नाही. अंतर कमी सोडलं होतं आणि शिवीगाळ झाली होती, दोन्ही खरं होतं. चालकांनी शिवीबद्दल माफी मागितली. हॉर्नबद्दल मागितली नाही, म्हणाले विचार करून सांगतो. जाताना त्यांनी पुन्हा स्टँडवर बसू द्या म्हटलं. या वेळी बस सावकाश न्या, 25ने सुद्धा नको, अगदी सावकाश. बस बाजूने जाऊ लागली आणि ते मोठ्याने मोजू लागले. एक, दोन, तीन... मागचा बंपर जाईपर्यंत आकडा सातवर गेला होता.

निघताना बाईंनी विचारलेला प्रश्न माझ्याकडे राहिला. "त्यांना माझ्यामागे थांबायचं असेल, तर तेवढा वेळ फेरीच्या वेळापत्रकात धरलाय का?" मी वेळापत्रक काढून पाहिलं. धरलेला नव्हता. उशीर झाला की नोंद होते, सायकलमागे संयमाने थांबल्याची कुठेच होत नाही.

अहवालात मी दोन शिफारशी केल्या. प्रत्येक चालकाला वर्षातून एकदा त्या स्टँडवर बसवावं आणि ज्या रस्त्यांवर ओव्हरटेकला जागा नाही तिथल्या फेऱ्यांची वेळ वाढवावी. पहिली मान्य झाली, तुकड्या सुरू आहेत. दुसरीवर अजून निर्णय नाही. दर सोमवारी मी जाऊन विचारतो. मागच्या सोमवारी माझ्यासोबत ते चालकही आले होते, हातात स्वतः लिहिलेला कागद घेऊन. कोणत्या रस्त्यावर, किती वाजता, सायकलमागे किती वेळ थांबावं लागलं, याची ती महिन्याभराची नोंद होती.